हात माझा, बोलणं तुझं

गजा, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. बराकीत पत्त्यांचा डाव अंगावर यायला लागला, की तुला नेमकी गाडीचं तेल तपासायची आठवण व्हायची. या खेपेला मात्र उठलास तो कायमचाच. मी सुटीवर वलगावला आलेलो. तुझा चुलतभाऊ सांगायला आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गजानन गेला. काविळीनं गेला." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघावा? "माह्या बाले काई निरोप देला काय त्यानं?" माझ्या बापाला कसला निरोप, ते त्या बिचाऱ्याला कळेना. "नाई बाप्पा," म्हणाला, "शेवटी शेवटी तं तो शुद्धीवरच नव्हता." तो गेल्यावर मी गोठ्यामागे जाऊन रडलो. रडता रडता तुला शिव्या घातल्या, आणि शिव्या घालताना पुन्हा रडू आलं.

तुझ्या गावात सगळे तुझं चांगलंच बोलून राहिले आहेत. हसरा होता, दिलदार होता, कोणालाही आपलंसं करायचा. सगळं खरं आहे. मीही तेच सांगीन. पण तू माझ्याशी जे केलंस ते तुला आणि मलाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता उरला नाही. म्हणून हे तुलाच सांगायचं आहे, तुला आवडो की न आवडो.

आठवतं ना, फौजेतल्या मालट्रकांच्या त्या कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आपण दोघेच होतो. बाकी सारा पंजाबी, गढवाली, मद्रासी, तेलगू. तू अकोल्याकडच्या कास्तकाराच्या घरचा, काळ्या वावराचा धनी. मी वलगावच्या आमच्या वस्तीतला, ज्याच्या आज्यानं दुसऱ्याच्या वावरात जन्म काढला. गावात असतो तर तुझ्यामाझ्यात रामरामाच्या पलीकडे काही झालं नसतं. तिकडे डोंगरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तू एका सकाळी माझ्या ताटलीकडे पाहून म्हणालास, "काय बे, ज्वारीची भाकर आठवते काय?" आणि मी म्हणालो, "चूप बस, नाईतं रडीन." तिथून आपलं जमलं. आपण बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं, हे दोघं भांडून राहिले. खरं तर आपण फक्त बोलत असायचो.

सिनेमा काढायचा कॅमेरा तुला एका साहेबानं दिला. बदली होऊन चालला होता, त्याची बंद पडलेली जीप तू घाटात चालू करून दिलीस म्हणून. चावी भरायचा, छोटा, खोक्यासारखा. बाकीच्यांनी डोंगर काढले असते, बर्फ काढला असता. तू सकाळी नळावर उभा होतास. सगळे जवान बनियनवर, हात धुऊन राहिलेले. तू माझ्या बरगडीत कोपर मारलंस. "सुख्या, हे पाह्य. अख्खा देश नळाखाली उभा हाये." मी पाहिलं. कोणाच्या दंडावर घोडा, कोणाच्या मनगटावर आईचं नाव, स्वैपाक्याच्या पोटरीवर विंचू. एका हवालदारानं तर आपल्या गावाचं नाव गोंदून घेतलं होतं, मेलो तर कुठं पोचवायचं ते कळावं म्हणून. त्या दिवशी तुला सिनेमा दिसला. मला नळ दिसला. ती अक्कल तुझी, ते मी कधीच नाकारलं नाही.

मेजर साहेबांकडे परवानगी मागायला आपण दोघं गेलो. साहेब म्हणाले, हत्यार दिसायचं नाही, गाडीचा नंबर दिसायचा नाही, बिल्ला दिसायचा नाही, कोणाचा चेहरा दिसायचा नाही. मला वाटलं, झालं, संपला सिनेमा. तू बाहेर आल्यावर टोपी उडवलीस. "हातच तं पायजेत आपल्याले." चेहरा नाही तर नावही नाही, हे आपणच ठरवलं. आणि जवानांना तयार करायचं काम माझं, कारण तुझ्या थट्टेला ते बिचकायचे. मी एकेकाच्या खाटेवर जाऊन बसायचो. त्या तेलगू ड्रायव्हरच्या छातीवर एका मुलीचं नाव होतं, त्याच्या बायकोचं नव्हे. त्यानं माझा हात धरून विचारलं, कोणाला कळणार नाही ना? मी म्हणालो, तुझं नाव कधी कोणाच्या तोंडून निघणार नाही. माझ्या शब्दावर त्यानं बनियन वर केलं.

पहिलं रीळ मुंबईहून धुऊन आलं तेव्हा त्यात नुसते हात होते. गोंदण कुठंच नाही. निळंहिरवं गोंदण काळ्यापांढऱ्या फिल्मवर कातडीत मिसळूनच गेलं होतं. काळ्या हातांचं तर विचारूच नको, नुसती लाकडं. तू दिवसभर जेवला नाहीस. मग दिवाळीला कोणीतरी आकाशकंदील केला, त्याचा पिवळा जिलेटीनचा कागद तुझ्या हाती लागला. तो तू कॅमेऱ्याच्या काचेसमोर धरलास आणि म्हणालास, "आन तुहा हात." माझा हात कंपनीत सगळ्यात काळा. त्यावर उमटलं तर सगळ्यांवर उमटेल. मी नको म्हणालो. मी हात कधी कोणाला दाखवत नव्हतो, बाही कायम खाली. तू म्हणालास, "अबे, तपासाचा तुकडा हाये हा. सिनेमात थोडीच घेऊन राहिलो. पाहून फेकून देऊ." मी बाही वर केली.

माझ्या हातावर मारुती आहे. आईनं नवस बोलला होता, मी लहानपणी सारखा तापानं फणफणायचो म्हणून. गोंदणारीनं सुया टोचल्या तेव्हा आईनं माझं मनगट आवळून धरलं होतं, हे आठवतं. ती पुढं लवकर गेली. छप्पनला बानं दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव त्यानं स्वतःच्या हातानं पेढी नदीत सोडले. मी पुढच्या सुटीत दीक्षा घेतली आणि त्याच सुटीत बिबा लावून मारुती जाळायला बसलो. हात सुजून टम्म झाला, कातडी गेली, मारुती तसाच. पलटणीत परत आलो तर डॉक्टर साहेब खवळले. जवानानं स्वतःच्या अंगाला इजा करणं हा गुन्हा आहे, आणि सरकारी कागदावर तुझी ओळखीची खूण म्हणून हाच मारुती लिहिलेला आहे, म्हणाले. म्हणजे मेलो तर याच्यावरून ओळखणार. मी घरी आलो तेव्हा बाला हे सांगितलं. बा म्हणाला, "नोकरी हाये तोवर राहू दे. पेन्शनीवर आला की पाहू."

हे सगळं मी तुला सांगितलं होतं, गजा. घाटात गाडी बंद पडली होती तेव्हा, बॉनेटवर बसून. तू ऐकून हसलास आणि म्हणालास, "म्हणजे हा मारोती आता सरकारी नोकर हाये." मीही हसलो. ते हसणं मला चाललं, कारण ते आपल्या दोघांतलं होतं.

तुला माझ्या घरात जे मिळालं तेही आठव. पहिल्यांदा वलगावला आलास तेव्हा बा घाबरला होता. कास्तकाराच्या घरचं पोरगं आपल्या घरी जेवेल की नुसतंच बसून जाईल? त्यानं शेजारून खुर्ची आणली. तू खुर्चीकडे पाहिलंही नाहीस. चुलीजवळ मांडी घालून बसलास आणि अंबाडीची भाजी संपवून स्वतःच म्हणालास, "बा, आनखीन एक भाकर येऊ द्या." बानं ती गोष्ट वस्तीत घरोघर जाऊन सांगितली. तुला तो गजू म्हणायला लागला. माझ्या सुटीची वाट पाहायचा, पण विचारायचा, "गजू येऊन राहिला काय?" मला राग नाही आला कधी. मला बरंच वाटायचं. ती एक भाकर तू मागितलीस त्याचं ऋण मी आजही मानतो.

सिनेमा तू अकोल्याच्या एका फोटोवाल्याच्या दुकानात जोडलास, सुटीत. मुका सिनेमा. पडद्यावर हात येणार आणि तू यंत्राशेजारी उभा राहून बोलणार. पहिला खेळ अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात. हंगाम संपला होता, शेड रिकामी होती. भर दुपारी दाराखिडक्यांना बारदान लावून अंधार केला. पुढं खुर्च्यांवर जिनाचे शेटजी आणि त्यांची मंडळी, मागं जमिनीवर लोक. मी वलगावहून बैलगाडी भरून माणसं आणली होती. बा पहिल्यांदाच सिनेमा पाहणार होता आणि तोही आपल्या पोराचा. त्यानं पांढरं धोतर घातलं होतं.

तू छान बोललास. हे मी मान्य करतो. हवालदाराच्या गावाचं नाव आलं तेव्हा एक बाई डोळे पुसत होती. तेलगू ड्रायव्हरच्या छातीवरचं नाव आलं, तू फक्त म्हणालास, "हे नाव कोनाचं हाये ते विचाराचं नाई." मला तुझा अभिमान वाटला. खुर्च्यांवरची मंडळी मात्र चुळबुळ करायला लागली होती, एक जण तर उठलाच. आणि पडद्यावर माझा हात आला.

मी ओळखला. पिवळ्या कागदाचा तो तुकडा. पाहून फेकून देणार होतास तो. मला वाटलं, चुकून जोडला गेला असेल. आणि तू बोललास, "अन् हा हात आमच्या वलगावच्या सुखदेवाचा. गड्यानं देव सोडले, पन मारोती हातावरून उतराले तयार नाई."

काय हसले, गजा. शेटजी मांडीवर थाप मारून हसले. उठलेला माणूस परत बसला. मागं जमिनीवर बसलेली आमची माणसं हसली नाहीत. बा उठला, बारदान बाजूला करून बाहेर उन्हात गेला आणि गाडीच्या जुवाजवळ बसला.

मी त्याच्याकडे गेलो. त्यानं मारुतीचं काही विचारलं नाही, त्याला ते ठाऊकच होतं. तो म्हणाला, "तुनं सांगतलं काय त्याले असं म्हनाले?"

"नाई बा."

"मंग काहून म्हनला तो? गजू तं आपल्या घरचा हाये. तुह्या मनात असल्याबिगर तो असं म्हनते काय?"

कळलं का तुला, तू काय केलंस ते? त्याचा तुझ्यावर इतका भरवसा होता, की तुझं बोलणं खोटं असेल हे त्याच्या मनातच येईना. मग खोटा कोण उरला? मीच. माझ्या मनात अजून तो देव आहे, मी बापापुरता धर्म पाळतो, आणि बापाच्या पाठीमागे दोस्ताशी हसतो, असं माझ्या बाला वाटलं.

तुला मी सरकीच्या ढिगाजवळ गाठलं. "काहून म्हनला तू तसं?"

"अबे, लोक जांभया देऊन राहिले होते. तुहं नाव घेतलं अन् सारे जागे झाले."

"नाव घ्याचं ठरलं होतं काय? सगळ्यायचा शब्द पाळला, माहाच मोडला?"

तू खांद्यावर हात टाकलास. "ते बाहेरचे. बाहेरच्यायचा शब्द पाळा लागते. तू तं माहा हायेस."

मी तुझा हात झटकला. तू म्हणालास, "अन् खोटं काय बोललो? मारोती हाये ना हातावर?" मी म्हणालो, "हाये. पन काहून हाये ते तुले ठाऊक हाये." तेव्हा कुठं तू खाली पाहिलंस. "बरं," म्हणालास, "मी येतो वलगावले. बाले मीच सांगतो, तुहा काई दोष नाई म्हणून." बस, एवढंच मला पाहिजे होतं. मी माफ केलं होतं, तिथंच, त्या सरकीजवळ.

तू आला नाहीस. पहिल्या सुटीत कामं निघाली, दुसऱ्या सुटीत बहिणीचं लग्न. मग आपल्या कंपन्याच वेगळ्या झाल्या. आणि एके दिवशी चांदूर रेल्वेला स्टेशनात कामाला असलेला माझा मेहुणा भेटला. मोठ्या कौतुकानं म्हणाला, "भाऊजी, तुमचं नाव आलं ना सिनेमात." आणि तुझं ते वाक्य त्यानं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हणजे ते चुकून तोंडून गेलेलं नव्हतं. तू ते ठेवलंस. गावोगाव, खेळोखेळ, जिथं लोक जांभया द्यायला लागतील तिथं माझा हात पुढं करायचास. तुझा स्वतःचा हात कोरा. सुईला घाबरायचास तू, साधं इंजेक्शन घेताना डोळे मिटायचास. दुसऱ्यांच्या हातांवर सिनेमा काढलास आणि त्यातला एक हात माझा होता, हे तुला आठवायला कोणी भाग पाडलं नाही.

मी तुला भेटून चार शब्द सुनवणार होतो. पण तू आजारानं पेन्शनीवर आलास आणि मी वर डोंगरातच राहिलो. वाटलं होतं, या सुटीत जाऊ. आलो तर तुझा चुलतभाऊ दारात.

तुझ्या तेरवीला आलो होतो. वहिनींनी सिनेमा दाखवायचं ठरवलं होतं, शाळेच्या खोलीत, दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून. फोटोवाला अकोल्याहून यंत्र घेऊन आला. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, बोलाले तुमीच हाये आता. तुमाले सारं पाठ हाये." होतं पाठ. मी यंत्राशेजारी तुझ्या जागी उभा राहिलो आणि तुझंच बोलणं बोललो. हवालदाराचं बोललो, घोड्याचं बोललो, त्या छातीवरच्या नावाचं बोललो. नाव कोणाचं घेतलं नाही. बोलताना मध्येच तुझा सूर लागला. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

मग माझा हात आला. मी गप्प राहिलो. ठरवलं होतं, हा तुकडा मुकाच जाऊ द्यायचा. आणि मागून कोणीतरी तुझं वाक्य म्हणालं. तुझ्याच चालीवर. तुझ्या पुतण्यांपैकी कोणी असेल. सारी खोली हसली, तेरवीच्या दिवशी, रडता रडता हसली. तू गेलास आणि ते वाक्य मागं ठेवून गेलास.

मी फोटोवाल्याला दिवा बंद करायला सांगितलं. खिडकीवरची एक घोंगडी ओढून काढली आणि बाही वर केली. म्हणालो, "हा हात माहा हाये. हा मारोती माह्या आईनं गोंदवला. मी आता याले मानत नाई. बिब्यानं जाळून पाहिला, गेला नाई. सरकारच्या कागदावर माही खूण म्हणून लिवला हाये, म्हणून नोकरीभर ठेवा लागते. गजाननाले हे सारं माहीत होतं. तरी त्यानं तुमाले हसवलं." कोणीतरी म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या ना बाप्पा, गेलेल्या मानसाचं कायले काढता?" वहिनींनी पदर बाजूला केला. "बोलू द्या त्यायले," म्हणाल्या. आणि मग मला, हळूच, "आमाले हे कधी सांगतलं नाई त्यायनं. पन वलगावले जाऊ म्हनलं, की त्यायले काई ना काई काम निघे."

म्हणजे तुला लाज वाटत होती. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला अजूनच संताप आला. लाज वाटत होती तर यायचं होतंस, एक दिवस, सकाळी निघून संध्याकाळी परत. बा तुला ओरडला नसता. भाकर वाढली असती त्यानं.

घरी आलो तर बा खाटेवर बसला होता. आता त्याला नीट दिसत नाही. मी जवळ बसलो आणि सगळं सांगितलं, तुझ्या गावात, तुझ्या माणसांसमोर मी काय बोललो ते. तो ऐकत राहिला. म्हणाला, "चांगलं केलं." मग विचारलं, "लय तरास झाला काय त्याले शेवटी?" मी सांगितलं ते ऐकून तो रडला, गजा. मांडीवर हात आपटत, तुझं नाव घेत रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. डोळे पुसून तो म्हणाला, "गजू एक डाव आला असता, तं खरं काय होतं ते समजलं असतं."

म्हणजे माझ्या सांगण्यानं त्याचं समाधान झालं नव्हतं, त्याला ते तुझ्याच तोंडून पाहिजे होतं. इतकी वर्षं त्यानं असं म्हटलं की मी तुझी बाजू सावरून घ्यायचो, येईल बा, सुटी मिळाली नसेल त्याला. आता तेही म्हणता येत नाही.